काळी दोनमध्ये रडणारी गाडी

३ डिसेंबर, बुधवार

गाडीत आवाज येतो आहे. आज पक्कं झालं.

परभणीला समूहगीत स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. सगळे संघ बेसूर. एका शाळेने 'सा' लावला तेव्हा मी कानांवर हात ठेवले. परत येताना झरीच्या पुढे, कान धुऊन निघावेत म्हणून, स्वतःच गायला लागलो. तर खालून कुठूनतरी 'कुंई, कुंई'. बारीक, कोरडा, किळसवाणा. पाटीवर नख ओढल्यासारखा. स्वर पेटीतली काळी दोन, किंचित उतरलेला. उतरलेला आहे याचाच जास्त त्रास होतो.

गाडी जुनी आहे हे मान्य. एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच जुनी होती. पण तिने रडावं असं मी तिला काहीही केलेलं नाही.

घरी सांगितलं. विजयमाला गच्चीवरून ज्वारीचे पापड काढत होती. म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मी म्हणालो, मेकॅनिकला कान असते तर तो मेकॅनिक कशाला झाला असता. मी संगीत शिक्षक आहे. अख्ख्या जिंतुरात गाडीच्या आवाजाचं निदान करायला माझ्याइतका लायक माणूस नाही.

संकल्प: आठवड्याच्या आत आवाज शोधून काढणे.

आणखी एक. तिच्या बचत गटाला जानेवारीत परभणीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला आहे. पापड, चटण्या, धपाट्याचं पीठ वगैरे. सामान न्यायला ती बबिताचा पिकअप सांगणार होती. बबिता गटातलीच. नवऱ्याचा पिकअप स्वतः चालवते, बाजाराच्या दिवशी त्यात शेळ्या नेते. मी स्पष्ट सांगितलं, शेळ्यांच्या लेंड्यांवरून खायचं सामान जाणार नाही, घरची गाडी आहे, मी नेईन. ती म्हणाली, "बघा बरं, गटातल्या समद्या बायांची मेहनत हाय. जिम्मेदारी तुमची." शब्द दिला.

गाडी शिकायचं तिने मागे एकदा काढलं होतं. तेव्हाच समजावलं होतं की ड्रायव्हिंगला अंगात लय लागते. आरतीत तिची टाळी आजपर्यंत एकदाही समेवर पडलेली नाही. तेव्हापासून विषय बंद आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

बालाजीच्या गॅरेजला गेलो. फक्त माझं निदान ताडून पाहायला.

बालाजीने ऑइलची पट्टी काढली, स्वतःच्या पँटला पुसली, परत आत घातली, आणि त्याच हाताने माझ्याशी शेकहँड केला. तोंडात गुटखा. बोलताना मान वर करून बोलतो, तोंडातलं सांडू नये म्हणून. 

गाडी स्वतः चालवत स्टँडपर्यंत जाऊन आला. म्हणाला, "सर, गाडीत कायच न्हाई." मी म्हणालो, असेल, तुला ऐकू आला नसेल. म्हणाला, "न्हाई सर, आवाजच न्हाई." मग मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने परत चालवली. आवाज नव्हता, हे खरं आहे. पण त्याच्या खिडकीतून थुंकण्याच्या आवाजात काय ऐकू येणार.

घरी येऊन तीनदा साबणाने हात धुतले. ग्रीस निघालं, वास राहिला. जेवताना डाव्या हाताने जेवावं की काय असं वाटत होतं.

८ डिसेंबर, सोमवार

महत्त्वाचा शोध. आवाज तालात आहे.

चारठाण्याच्या भजनी मंडळाकडे जाताना लक्षात आलं. केरवा गुणगुणला तर आवाज केरव्यात. दादरा घेतला तर दादऱ्यात. मुद्दाम रूपक धरला, तर सातही मात्रा बिनचूक, आणि खालीची जागाही बरोबर मोकळी सोडली. गाणं थांबवलं की आवाज बंद.

निष्कर्ष उघड आहे. सतारीला तरफेच्या तारा असतात, वरची तार छेडली की त्या आपोआप झंकारतात. गाडीच्या कुठल्यातरी पत्र्याला माझा स्वर लागतो. बालाजी चालवतो तेव्हा आवाज येणार कसा? बालाजी गात नाही. गायला तरी पत्रा दाद देणार नाही.

संगीत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, पेटीचा भाता फाटला का. या लोकांचा वीट आला आहे. ग्रुप सोडला.

(रात्री जेवणाआधी परत जॉइन झालो. मी नव्हतो हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.)

११ डिसेंबर, गुरुवार

शाळेत हाफ डे टाकून देवगाव फाट्याला गेलो. तिथला माणिकराव म्हणे फक्त आवाजाच्याच गाड्या बघतो. लोक लांबून येतात. त्याची पद्धत अशी: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं आणि मूठ कानाला. कानात बोटभर केस. तो स्क्रू-ड्रायव्हर त्याने नंतर माझ्यापुढे केला, "तुमी बी ऐका, सर." मुठीला पिवळं काहीतरी लागलेलं होतं. मी म्हणालो, नको, मला नुसतंही ऐकू येतं.

मग म्हणाला, तुमी चालवा, मी शेजारी बसतो. आता हा माणूस माझी परीक्षा घेणार. मी अगदी गंभीरपणे चालवली. ओठ घट्ट मिटून. एक शब्द नाही, एक सूर नाही. त्याच्यासारख्या माणसासमोर गाणार कोण?

आवाज आला नाही.

त्याने एक पट्टा बदलला. म्हणाला, झाला तर ह्यानंच झाला असंल. बघा, म्हणजे त्यालाही कळलेलं नव्हतंच.

परतीला मन हलकं झालं. पट्टाच होता तर. खिडक्या बंद करून मोकळ्या आवाजात गायलो. फाट्यापासून जिंतूरपर्यंत सगळ्या रस्त्याने कुंई, कुंई. माझ्यापेक्षा वरचढ.

माणिकराव फसवा माणूस आहे. कानातले केस डोळ्यांपुढून जात नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

नवीन बिघाड. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते.

शाळेत जायला बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. आरसाही खाली वळलेला, त्यात मला फक्त माझा शर्ट दिसत होता. बालाजीला फोन केला की सीटचे खटके तू ढिले केलेस. तो शपथा घ्यायला लागला. शपथ घेतानाही तोंडात गुटखा होता, फोनवर कळत होतं.

पेट्रोलही उडतं आहे. काटा मी लावून ठेवतो तिथे राहत नाही.

चांगली गोष्ट एकच. विजयमाला माझं ऐकून रोज सकाळी फिरायला जायला लागली आहे. मी गच्चीवर रियाजाला बसतो, मोबाइलचा तानपुरा मोठ्या स्पीकरवर लावतो, डोळे मिटतो. उघडतो तेव्हा ती फिरून आलेली असते. चेहरा लाल, घाम आलेला, खुशीत. वजनात फरक नाही, पण मी ते बोललो नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सोनपेठहून मेहुणे आले. किशनराव. विजयमालाचा भाऊ.

स्टँडवर आणायला गेलो. बसल्याबरोबर त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पाय डॅशबोर्डवर ठेवले. ज्या पायांनी ते सोनपेठहून एसटीत आले होते त्या पायांनी. काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला. मग एकेक बोट ओढून कडकड मोडायला लागले. त्या आवाजावर उतारा म्हणून मी गुणगुणायला लागलो.

आणि त्यांना ऐकू आलं. ते म्हणाले, "दाजी, गाडीत काय तरी चिरकायलंय."

मला किती समाधान वाटलं हे सांगता येत नाही. पहिला साक्षीदार. दुर्दैवाने तो किशनराव निघाला. लगेच पुढे म्हणाले, "उंदीर हाय, दाजी. लय बेकार जात. वायरी खातो." मी हसलो. म्हणालो, रूपकात चिरकणारा उंदीर मी अजून पाहिलेला नाही. त्यांना रूपक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सांगितलं. ऐकता ऐकता ते झोपले.

२३ डिसेंबर, मंगळवार

खूप विचार केला. गाडीत उंदीर असला पाहिजे.

हा निष्कर्ष माझा मी स्वतंत्रपणे काढला आहे. सीटखाली पापडाचे तुकडे सापडले आणि काळ्या बारीक लेंड्या. हातरुमालाने उचलल्या, मग हातरुमाल टाकून दिला, मग रुमाल टाकलेली बादली टाकून दिली. उंदराला संगीताची ओढ असू शकते. गाणं सुरू झालं की तो चिरकतो. सोपं आहे. उलट तालाचं भान त्याला समूहगीतवाल्यांपेक्षा बरं आहे.

बटाट्याच्या भज्यात औषध भरून सीटखाली ठेवलं. दोन-तीन दिवसांत आवाज संपेल.

सीटखाली पापड कुठून आले हे विजयमालाला विचारलं. म्हणाली, "उंदरानंच आणले असतील."

२७ डिसेंबर, शनिवार

भजं खाल्लं गेलं आहे. उंदीर मेला आहे. गाडीतच.

कुठे मेला ते कळत नाही. पंखा लावला की वास थेट तोंडावर येतो. वास कसा, हे मी लिहिणार नाही. पण लिहायलाच हवं असेल तर ओल्या गोणपाटात अंडं फोडून आठवडाभर उन्हात ठेवावं तसा. शाळेत उतरलो तेव्हा चौकीदार दोन पावलं मागे सरकला. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. भूप शिकवत होतो. भूपात वर्ज्य काय ते एकीला विचारलं, ती उत्तर न देता पळत बाहेर गेली.

आणि कुंई चालूच.

म्हणजे दोन उंदीर होते. एक गाणारा, एक खाणारा. मेला तो चुकीचा.

३० डिसेंबर, मंगळवार

गाडीत अत्तर शिंपडलं. हिना. पाठोपाठ कापूर लावला. आता मेलेला उंदीर, हिना आणि कापूर असा एकत्र वास येतो. आधीचा बरा होता. बोरीपर्यंत जाऊन आलो, वाटेत थांबून ओकलो. एक बाई शेतातून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि गाडीजवळ येऊन तशीच परत गेली. तांब्या लांब ठेवला.

विजयमालाला काळजी लागली आहे. म्हणाली, "ह्या वासात आमचा माल घालायचा का? पापडाला वास लागला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारंल. मी बबिताला सांगते." मी म्हणालो, गटाची बाब असली तरी घराची इज्जत आहे. तीन आठवडे हातात आहेत. मी करतो.

३१ डिसेंबर, बुधवार

वास गेला. अत्तराने शेवटी काम केलं. चिकाटी पाहिजे माणसात.

आज विजयमाला फिरून आली ती कोणाशी न बोलता थेट न्हाणीत गेली. गरम पाण्याची बादली, वर डेटॉल. विचारलं तर आतून म्हणाली, उंदीर काढला. कुठला ते विचारायचं राहून गेलं. माझा तोडीचा आलाप अर्धवट होता.

४ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी त्याचा वेगळा अर्थ लावू नये.

ट्रायल म्हणून थोडं पीठ मागे टाकून विजयमालाला घेऊन परभणी रोडला निघालो. ती खूप दिवसांनी पुढच्या सीटवर बसली. शहर संपल्यावर मी यमन सुरू केला. कुंई सुरू झाली. मी म्हणालो, ऐक, हाच तो. ती इंजिनकडे बघत नव्हती. मागेही बघत नव्हती. खाली बघत होती.

मग म्हणाली, "अहो, तुमचा पाय."

मी म्हणालो, पायाचं काय?

"डावा पाय. ताल धरलाय तुमी. क्लचवर."

मी म्हणालो, शक्य नाही. माझा पाय माझ्या ताब्यात आहे. तिने हात पुढे केला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. दाबून. भर रस्त्यात. शेजारून ऊस भरलेला ट्रॅक्टर जात होता.

कुंई थांबली.

हात काढला. सुरू झाली. परत ठेवला. थांबली. असं तिने बोरी येईपर्यंत केलं. शेवटी म्हणाली, "क्लच गच्च दाबला तर गप राहतो. नुसता पाय टेकवून डुगडुगवला की वरडतो. पेडल सुकलंय ते. आणि तुमचा पाय हमेशा त्याच्यावर."

मी गाडी बाजूला घेतली. सांगितलं की योगायोग आणि शास्त्र यांत फरक असतो. आणि तुला हे क्लचचं गच्च आणि डुगडुग कोणी शिकवलं? ती म्हणाली, बबिता बोलत असते.

बबिता. शेळ्या नेणारी बाई मला पाय कुठे ठेवायचा ते शिकवणार.

५ जानेवारी, सोमवार

बोलणं बंद ठेवलं आहे. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

केवळ तिचं खोटं ठरवायचं म्हणून प्रयोग केला. डावा पाय क्लचवरून काढून खाली मॅटवर घट्ट दाबून ठेवला आणि गायला सुरुवात केली.

आवाज आला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पण गाणंही आलं नाही. मुखडा घेतला, सम कुठे गेली कळेना. अंतरा अर्ध्यातच सुटला. पाय बांधून माणसाला गायला लावणं ही क्रूरता आहे. पुढच्या वळणाला पाय आपोआप वर गेला, आणि काय मोकळं वाटलं. कुंई आली. येऊ दे. तीही बिचारी सुरात यायचा प्रयत्न करते आहे.

म्हणजे दोष पेडलचाच. कुठल्याही चांगल्या गाडीचं पेडल ताल धरल्याने ओरडलं नसतं.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला म्हणून विजयमालाने मला बालाजीकडे पाठवलं. मला वाटतं त्यांचं आधीच ठरलं होतं. मी जाताच तो गाडीत बसला, जागेवर काहीतरी केलं, म्हणाला, "सर, क्लच प्लेट गेल्यात जमा हाय. अर्धा दाबून चालवायलेत का कोणी? प्रदर्शनाच्या आधी बदलून घ्या, रस्त्यात दगा दील."

तिळगूळ त्याने गुटख्याच्या वरच तोंडात टाकला. दोन्ही एकत्र चावलं. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आधी म्हणाला, गाडीत कायच न्हाई. आता म्हणतो, प्लेट गेली. या धंद्याची शिसारी आली आहे. नाही बदलणार.

गाडीला हल्ली थोडा जळका वास येतो. कापराचा असणार.

२२ जानेवारी, गुरुवार, सकाळ

प्रदर्शन आजपासून. गाडी भरली. मागच्या सीटवर पापडाची खोकी छतापर्यंत, डिकीत चटण्या, पायाशी पीठ. गाडीत मसाल्याचा वास. सुंदर. बबिता बाकीच्या बायकांना पिकअपमध्ये घेऊन मागून येणार आहे. विजयमाला नवीन साडीत. निघताना म्हणाली, "आज तेवढं गाऊ नका." मी म्हणालो, गाणार नाही. माझा संयम लोकांना माहीत नाही.

२२ जानेवारी, संध्याकाळ

बोरीपर्यंत गायलो नाही.

पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. मुंगीच्या पावलाने सरकत होती. पुढच्या ट्रॉलीवर मोठा कर्णा, त्यावर कसलंतरी गाणं, गायक इतका बेसूर की अंगावर काटा यावा. माझ्या कानांना काहीतरी आधार हवा होता. मी हळू, अगदी तोंडातल्या तोंडात दादरा धरला. विजयमाला माझ्या गुडघ्याकडे बघत होती, पण तिच्या मांडीवर चटणीची बरणी होती, दोन्ही हात गुंतलेले. "अहो, पाय," असं ती दोन-तीनदा म्हणाली.

झरीच्या अलीकडे जळका वास आला. मग धूर. इंजिन रेकायला लागलं आणि गाडी जागची हलेना. ॲक्सिलरेटर दाबावा तेवढं जास्त रेकतं, आणि गाडी तिथेच. मागून हॉर्न.

एक गोष्ट नोंदवतो. कुंई बंद झाली होती.

लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. विजयमाला खाली उतरून रस्त्याकडे बघत उभी राहिली. मला काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पिकअप आला. बबिताने तो फिनाइलने धुतलेला होता. खाली स्वच्छ ताडपत्री. मी शेळ्यांचा वास शोधला. नव्हता. बायकांनी साखळी करून खोकी हलवली, माझ्या हातात कोणी खोकं दिलं नाही. मी मध्ये उभा राहिलो तर एकीने, "सर, जरा सरका," म्हटलं. पापडाचं एक खोकं खाली पडून फुटलं. ते कोणीच उचललं नाही, कारण वेळ नव्हता.

मग बबिता मागे सामान धरून बसली. आणि विजयमाला पुढे, स्टिअरिंगवर.

मला वाटलं चुकून बसली. तिने सीट पुढे ओढली. आरसा खाली वळवला. मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मधून पिकअप काढून नेला. गिअर कधी बदलला ते मला ऐकू आलं नाही.

बालाजी येईपर्यंत कडेच्या शेताच्या धुऱ्यावर बसून होतो. फुटलेल्या खोक्यातले पापड कच्चेच खाल्ले. किळस आली. पापडांची नाही. कशाची ते नीट सांगता येत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

गाडी दुरुस्त होऊन आली. प्लेट नवीन, पेडलला ग्रीस. बालाजीने जुनी प्लेट दाखवायला आणली होती, मी बघितली नाही.

स्टॉल जोरात चालू आहे म्हणे. पहिल्या दिवशी उशीर झाला, कोपऱ्यातली जागा मिळाली, तरी जवसाची चटणी संपली. रात्री परत चटणी करून दुसऱ्या दिवशी नेली.

आज विचारलं, गाडी कधी शिकलीस. ती भाकरी थापत होती. थापता थापताच सांगितलं. आधी पिकअपवर, मग आपल्या गाडीवर. लायसन्स दिवाळीतच आलं. पोस्टमन माझ्याच हातात देऊन गेला होता आणि मी गटाचं काहीतरी असेल म्हणून न उघडता तिला दिलं होतं.

आपल्या गाडीवर कधी, म्हणालो.

"सकाळी. तुमचा तानपुरा सुरू झाला की आमी गाडी काढायचो. तानपुरा बंद व्हायच्या आत आणून लावायचो."

मी म्हणालो, गाडी सुरू झाल्याचं मला ऐकू आलं असतं.

"मला बी भ्या वाटायचं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तर फाटक बी वाजलं. हॉर्न बी वाजला चुकून. वर बघितलं, तुमी डोळे मिटून बसलेले."

भाकरी चांगली झाली होती. एकच खाल्ली.

उंदीर पंख्याच्या नळीत होता. तिने आणि बबिताने काढला. चिमटा बबिताचा.

मी विचारलं नाही, तिने आपण होऊन एक गोष्ट सांगितली. मला सांगायचं म्हणून ती रोज ठरवत होती. पण मी लयीचं म्हणालो होतो ते तिच्या डोक्यात बसलं होतं. आधी बराबर यायला लागू दे, मग सांगावं, असं तिला वाटलं. किती वर्षांपूर्वी म्हणालो होतो ते मला आठवत नाही. तिला दिवसही आठवतो.

हे इथेच थांबवतो. 

२६ जानेवारी, सोमवार

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. शाळेत झेंडावंदन उरकून आलो तेव्हा ती किल्ली घेऊन दारात उभी होती. बबिता मागच्या सीटवर, मांडीवर पिठाची पिशवी. मी सवयीने उजव्या दाराशी गेलो. मग वळसा घालून डावीकडे बसलो.

ठरवून बसलो होतो की चुका काढायच्या. वहीच्या मागच्या पानावर लिहायचं होतं. बोरी आली, झरी आली, लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. एकदा कुत्रं आडवं आलं, तिथे ब्रेक जरा जोरात लागला. पण कुत्रं वाचलं, म्हणून ते सोडलं.

स्टॉलवर एका बाईने विचारलं, हे कोण. विजयमाला म्हणाली, आमचे मिस्टर, गाणं शिकवतात. कसं म्हणाली ते मला नेमकं सांगता येत नाही, पण तिने मान ताठ ठेवून सांगितलं. मग मी दिवसभर धपाट्याच्या पिठाची पाकिटं पिशव्यांत भरून दिली. तेवढ्यात दोनदा पीठ सांडलं. संध्याकाळी माल संपला. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. माझ्याही पाठीवर एक बसली, पिठाच्या हाताची.

परतताना ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना हरभरा.  झरी मागे पडल्यावर विजयमाला समोर बघतच म्हणाली, "गा की. आता पाय मोकळाय तुमचा."

मला वाटलं होतं गाणार नाही. पण तिने आपण होऊन सांगितलं होतं, आणि असं तिने शेवटचं कधी सांगितलं ते आठवेना. पूरिया धनाश्री घेतला. पायाखाली नुसतं रबरी मॅट होतं, हवा तेवढा ताल धरला. इतका छान लागला की निषादावर थांबलो तर स्वतःच्याच अंगावर शहारा आला.  मी डोळे मिटून घेतले आणि अंतरा उचलला.

तेवढ्यात विजयमालाने हात वर केला. मला वाटलं दाद.

म्हणाली, "जरा थांबा हो. गाडीचा कायतरी आवाज येतोय का, ते ऐकू द्या."

थांबलो. गाडी बोरीपर्यंत गेली. कसलाच आवाज नव्हता.